पाण्यावर मोजायचं नाही

अंजूनं लॅपटॉप बाजेवर ठेवून उघडला, आणि राठोडांच्या घरानं वर्षभरात धरलेला झाडून सारा मासा घाटावरच्या चिंचेखाली पकडला गेलाय असं सगळ्यांना दिसलं.

पडद्यावर धरण होतं. निळ्या पाण्याचे फाटे, वळसे, एका बाजूला भिंतीची सरळ रेघ. डोंग्यातच, होडी पाण्यावर असतानाच मासा तोलायचा, फोनमध्ये वजन घालायचं, फोटो काढायचा, की फोन आपला आपण त्या जागेवर लाल ठिपका टाकतो, अशी ती सोय. पण भिंतीजवळच्या खोल पाण्यात एक ठिपका नव्हता. जुना तांडा जिथे बुडाला त्या उथळ बाभूळबनातही नव्हता. आणि घाटावरच्या चिंचेखाली, जिथे भर पावसाळ्यातसुद्धा घोटाभर पाणी येत नाही, तिथे ठिपक्यावर ठिपका बसून गुलालाची मूठ सांडल्यासारखं झालं होतं.

संजय आधी हसला. आर्णीहून पुतणीसाठी दुकान बंद करून आलेला माणूस, त्याला हसायचा हक्कच होता. "बा, झाडाले मासे लागतेत हे आधी सांगतलं असतं, तं जाळं कायले घेतलं असतं आपुन? हालवलं असतं झाड."

आजी लालीबाईनं ओढणीत तोंड लपवून हसून घेतलं. अंजूचा बाप भारतही ओशाळं हसला. अंजू हसली नाही. तिचा खालचा ओठ आत गेलेला तिच्या आईनं, संगीतानं पाहिला. लहानपणी ही पोरगी रडण्याआधी असाच ओठ गिळायची.

"बाबा," अंजू म्हणाली, "तुमी डोंग्यात फोन उघडतच नाही ना?"

"घाटावर आल्यावर भरतो ना सारं. एक मासा लपवला नाही आजवर."

"मासा खराच हाये हो. पण तो धरला कुठी?"

भारतनं बापाकडे पाहिलं. हरिसिंग अंगणाच्या कडेला, भिंतीला पाठ लावून बसला होता. पंच्याहत्तरी गाठली तरी पांढऱ्या मिशा रोज पिळत असे. त्यानं सांगायची गरजच नव्हती. त्या घरातल्या शेंबड्या पोरालाही कारण ठाऊक होतं. पाण्यावर मोजायचं नाही. डोंग्यात किती आले हे विचारायचं नाही, तोलायचं नाही, "लय सापडलं" एवढंही म्हणायचं नाही. मोजदाद घाटावर, पाय जमिनीला लागल्यावर.

नेम धरणाहून जुना होता. राठोडांचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूख हिंडायचे, तेव्हा चालत्या वाटेवर बैल मोजायचे नाहीत, मुक्कामाला मोजायचे. बैल गेले, शेती आली. शेती धरणात गेली, आणि चाळिशीतल्या हरिसिंगनं भोयांच्या पोरांकडून जाळं टाकायला शिकून घेतलं. धंदे बदलले, पण नेम पाण्यावरही तोच चालवला. सून म्हणून या घरात आल्यापासून संगीता दर होळीला ही कथा ऐकत आली होती, आणि दर होळीला हरिसिंग ती पहिल्यांदाच सांगतोय अशा थाटात सांगत आला होता.

"मंग माहे वर्षाचे नमुने गेले," अंजू म्हणाली. "खोल पाण्यातला मासा कोणता अन् उथळातला कोणता, कायचाच पत्ता नाही. माह्या गाईड मॅडमनं एकच संधी देली. परवापासून मासेमारीची बंदी लागते. उद्या नमुने भेटले तं भेटले, नाही तं विषय सोडा म्हणते. तीन वर्षं पाण्यात गेले समजा."

नागपूरच्या प्रयोगशाळेत आपली लेक नेमकं काय करते हे घरात कोणाला धड सांगता येत नसे. लालीबाई गावात सांगे, नात माशाची डॉक्टर आहे. आता तिनंच नातीला जवळ ओढलं. "असं काय हाये त्या माशात, मले तरी समजू दे."

"दादी, उन्हाळ्यात खोल पाण्यातल्या माशाले खायले भेटत नाही. तरी तो जगते. कसा? तं त्याच्या अंगातली एकेक पेशी आपल्याच आतलं मोडकं-तोडकं खाते. घरात सरपण नसलं की आपुन मोडकी बाज फोडून चुलीत घालतो ना, तसं."

"म्हंजे उपास करते मासा."

"तसंच समज. ते मोडकं सामान पेशी आधी बारक्या पिशवीत भरते, मंग जाळते. त्या पिशव्या मले मोजता येतेत. पण नुसत्या मोजून भागत नाही." अंजूच्या आवाजात रंग भरायला लागला होता. हात हवेत फिरू लागले. "काका, जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्याईची लांब रांग दिसली, तं तुमी काय म्हनान?"

"कापूस लय आला," संजय म्हणाला.

"का मशीन बंद पडली?"

"दोन्हीबी असू शकते," संजय म्हणाला.

"तेच तं. मंग करायचं काय, थोडा वेळ मशीन आपुनच मुद्दाम बंद करायची, अन् पाह्यचं रांग किती वाढते. झपाट्यानं वाढली तं समजायचं, काम जोरात चालू होतं. मी माशाच्या काळजाचे दोन तुकडे करते. एक साध्या पान्यात, दुसरा अशा औषधात की जाळायचं काम थांबते, पिशव्या साचत जातेत. दोघातला फरक तेच माहं उत्तर. पण मासा कुठून आला अन् जाळ्यातून कधी निंघाला हेच माईत नसलं, तं उत्तर कायचं अन् कोनाचं?"

लालीबाईला किती कळलं देव जाणे, पण ती नवऱ्याकडे वळली. "ऐकलं का? उद्याच्या दिवस मोजू द्या पोराईले."

"नाही," हरिसिंग म्हणाला.

"बा, एका दिवसानं काय होते?" संजय उठून उभा राहिला. "कोनत्या जमान्यातल्या गोठी हायेत ह्या?"

"तू बोलूच नको. पानी सोडून दुकानात बसला तू." हरिसिंगनं आवाज चढवला नाही. "हे पानी भरलं तवापासून या तांड्यातले किती माणसं नेले त्यानं? सांग. आपल्या घरातलं एक नाही नेलं. कायच्यानं? मी नेम मोडला नाही म्हनून. अंजू, तुह्यासाठी मी घर इकीन, पन माह्या पोराईले पान्यावर मोजू देनार नाही."

संगीतालासुद्धा त्याचा राग येईना. खोटं नव्हतंच ते. भारत पहाटे डोंगा घेऊन गेला की परत येईपर्यंत तिचाही जीव टांगणीला लागायचा, आणि अशा वेळी त्या नेमाचाच आधार वाटायचा.

अंजूनं लॅपटॉप मिटला. तो आवाज संगीताला फार लागला. आणि त्याच क्षणी तिला होळीची कथा आठवली. कथेतला एक माणूस आठवला, ज्याच्याकडे आजवर कोणी लक्षच दिलं नव्हतं.

"मामाजी," ती सासऱ्याला म्हणाली, "वाटंवर बैल मोजत नव्हते म्हनता. मंग शेठचा माल कमी-जास्त झाला तं?"

"शेठचा दिवाणजी राहे ना संगं. तो मोजे."

"चालत्या वाटंवर?"

"त्याले काय होते? तो तांड्याचा थोडाच होता. परक्यानं मोजलं तं लागत नाही."

संजयनं आधी पकडलं. "म्हंजे डोंग्यात परका माणूस बसवला, तं चालते?"

हरिसिंग अडकला. पण आपल्याच कथेला खोटं पाडेल तो हरिसिंग कसला. "चालन," तो नाइलाजानं म्हणाला.

मग घरात धांदल उडाली. संजयनं फोन काढला. घाटाशेजारचे भोई सगळे बाभुळगावला लग्नाला गेलेले. मास्तर सुट्टीत राळेगावला. सोसायटीचा सचिव परका खरा, पण त्याला डोंग्यात चक्कर येते हे जगजाहीर. भारत एकेक नाव घेई आणि संजय ते खोडून काढी. वर्षानुवर्षं एकमेकांशी तुटक बोलणारे ते दोघे भाऊ डोक्याला डोकं लावून बसलेले पाहून एरवी संगीताला हसू आलं असतं.

"परकं माणूस पाह्यजे ना?" ती म्हणाली. "मी हावो ना."

कोणाला कळलंच नाही आधी.

"मी पवाराची पोरगी. या घरातली नाही. फोन मले येते, बचत गटाचं सारं मीच पाह्यतो फोनवर. तोलकाटाबी धरता येते."

"तू..." भारत म्हणाला आणि थांबला.

थांबणारच. या अंगणात काही ठरायचं असलं की संगीतानं चहा आणून द्यायचा आणि आत जायचं. चुकून एखादा शब्द बोलली की लालीबाईचं ठरलेलं वाक्य यायचं, "तू परघरची, तुले यातलं काय समजते." संजयनं वेगळं मागितलं तेव्हा ते आलं. अंजूला नागपूरला पाठवायचं की नाही यावर भांडण पेटलं, तेव्हाही आलं, आणि ती तर तिच्याच पोटची पोर. पंचवीस वर्षांत संगीता त्या शब्दाला सरावली होती असं लोक म्हणत. असल्या शब्दाला कोणी सरावत नसतं. माणूस उत्तर द्यायचं थांबतं, एवढंच.

हरिसिंग बायकोला म्हणाला, "लाली, तू सांग. हे परकी का घरची?"

लालीबाई ओढणीचं टोक बोटाला गुंडाळू लागली. घरची म्हणावं तर नातीचं काम बुडतं. परकी म्हणावं तर नातीसमोर तिच्या आईला परकी म्हणावं लागतं. इतकी वर्षं हा शब्द तिनं भाजीत मीठ टाकावं तसा सहज टाकला होता. आज तो तिच्या तोंडून निघेना.

"सांगा ना याडी," संगीता म्हणाली. सासूला ती आईच म्हणायची. "रोज सांगता तसंच सांगा."

"परकीच म्हनत आली मी," लालीबाई खाली बघत म्हणाली.

"मंग ठरलं," हरिसिंग म्हणाला आणि उठून आत गेला.

अंजूनं येऊन आईला मिठी मारली. संगीताला आनंद झाला, आणि त्या आनंदातच कुठेतरी खोल कळही आली. दोन्ही खरं होतं.

सकाळी तांबडं फुटताना ती पहिल्यांदा डोंग्यात बसली. घाटावर मासे चिरण्यात तिचं अर्धं आयुष्य गेलं होतं. कल्ला बघून मासा किती वेळचा आहे हे ती सांगू शकायची. पण पाण्यावर बाई जात नसे, आणि तिला पोहताही येत नव्हतं. डोंगा हलला तसा तिनं काठ घट्ट धरला. पाणी तिच्या कल्पनेपेक्षा खूप जवळ होतं.

मागे घाटावर अंजूनं टेबल मांडलं होतं. चिमटे, बारक्या नळ्या, बर्फ, आणि झाकण काढलं की पांढरा धूर सोडणारा स्टीलचा मोठा डबा. त्यातला गारठा इतका की बोट गेलं तर गेलंच. लालीबाई आधी लांब पळाली होती आणि मग जवळ येऊन विचारून गेली होती, यात ताक ठेवलं तर चालेल का. हरिसिंग चिंचेखाली पाठ करून बसला होता. घाट सोडून मात्र गेला नव्हता.

"लक्षात ठेवा," अंजू ओरडून सांगत होती, "जाळं लवकर उचला. मासा लय वेळ अटकून राह्यला तं घाबरूनच त्याच्या आतलं सारं बदलते. जित्ता आना टबात."

"पोरगी माशाची सासू झाली," संजय वल्हं मारत म्हणाला.

भिंतीजवळ खोल पाण्यात पहिलं जाळं टाकलं. घटकाभरानं ओढलं, रिकामं. दुसऱ्यांदा टाकलं, एक झाडाची फांदी. सूर्य भिंतीवर चढला तशी संगीताच्या जिवाची तगमग सुरू झाली. तिसऱ्यांदा मात्र संजयच्या हातातली दोरी थरथरली.

"हाये," तो हळूच म्हणाला. "वहिनी, हाये."

रोहू वर आला तो लांबोडका, डोकं मोठं आणि पोट खपाटीला गेलेलं. उपाशी. संगीता भीती विसरली. तिनं त्याला ओल्या फडक्यात धरून काट्याला लावलं, फोन उघडला. आणि भारतनं जोरात गाणं सुरू केलं. होळीची लेंगी, ऐन उन्हाळ्यात, बेसूर. मोजल्याचा शब्द कानावर पडू नये म्हणून. संजय तोंड फिरवून पाण्यात बघत होता, पण त्याचे ओठ मात्र आकडा पुटपुटत होते.

"फोन जागा घेत नाही," संगीता म्हणाली.

पडद्यावर एक चक्र गरगरत होतं. वर भिंतीची सावली. टबात मासा शेपटी आपटत होता आणि एकेक क्षण त्याच्या आतलं बदलत होतं. संगीता डोंग्यात उभी राहिली.

"बस. बस खाली," भारतचं गाणं तुटलं.

ती बसली नाही. फोन डोक्यावर, दोन्ही हातांनी आभाळात. डोंगा डुचमळला. पायाखाली किती पाणी आहे हे तिला माहीत नव्हतं आणि आता माहीत करूनही घ्यायचं नव्हतं. मग तिला आपल्या घोट्यावर भारतचा हात जाणवला. तो गुडघे टेकून तिचा पाय दोन्ही हातांनी धरून बसला होता, आणि त्याच अवस्थेत त्यानं पुन्हा गाणं धरलं, अजूनच बेसूर.

फोन थरथरला. तिनं खाली घेऊन पाहिलं. चिंचेपासून लांब, भिंतीच्या कुशीत, कोऱ्या निळ्या पाण्यात एक लाल ठिपका बसला होता. तिच्या हातचा. तिला हसावं की रडावं कळेना, म्हणून तिनं दोन्ही केलं.

त्यानंतर वेळ कसा गेला ते तिला आठवत नाही. खोल पाण्यातले उपाशी मासे, मग बाभूळबनातले गुबगुबीत, बुडालेल्या तांड्याच्या डोक्यावर खाऊन-पिऊन सुखी. टब भरला की घाटाकडे, घाटावरून पुन्हा पाण्यात. अंजू काळजाचे दोन तुकडे करून एक साध्या पाण्यात, एक औषधात ठरल्या वेळेपुरता ठेवत होती, लालीबाई नळ्यांची झाकणं लावत होती. उन्हं डोक्यावर आली तेव्हा स्टीलच्या डब्यात सगळे नमुने होते, आणि पडद्यावर दोन ठिकाणी, जिथे असायला हवे तिथेच, लाल ठिपके. चिंचेखाली नवीन एकही नाही.

बंदीचे दोन महिने गेले. ऑगस्ट लागला त्या संध्याकाळी अंजूचा फोन आला. ती इतकं भरभर बोलत होती की संगीताला तीनदा विचारावं लागलं. कागदावर काळ्या रेघा उमटतात, त्यांची जाडी बघायची असते; जितक्या पिशव्या जास्त, तितकी रेघ जाड. उपाशी माशाच्या रेघा औषधात दुप्पट जाड झाल्या होत्या, पोट भरलेल्यांच्या जेमतेम. म्हणजे रांग मशीन बंद पडल्याची नव्हती, काम खरंच जोरात चालू होतं. मॅडम म्हणाल्या, पुढे चला, या पावसाळ्यानंतर पुन्हा नमुने लागतील. "आई, तुह्या ठिपक्याईमुळं," अंजू म्हणाली. संगीतानं ती रात्र तांड्यातल्या प्रत्येक घरात जाऊन हेच सांगण्यात घालवली.

दुसऱ्या दिवशी मोसमातला पहिला डोंगा निघायचा होता. संगीता काटा आणि फोन घेऊन घाटावर आली, तर हरिसिंग डोंग्यापाशी उभा. शेजारी लालीबाई.

"आज हे मोजनार नाही," हरिसिंग म्हणाला.

भारतचा हात दोरीवरच राहिला. संजयही आला होता आर्णीहून, तो काही बोलणार तेवढ्यात हरिसिंगनं हात वर केला. "परक्यानं मोजायचं असा नेम हाये. हे परकी नाही. रात्री लाली रडत होती. म्हने, मी खोटं बोलली त्या दिवशी. खोटं बोलून घेतलेलं काम एक डाव चालते, रोज नाही चालत."

लालीबाईनं मान वर केली नाही, पण ती तिथून हललीही नाही.

पंचवीस वर्षं जे ऐकायला संगीताचे कान आसुसले होते, ते आज घाटावर, भर माणसांत, तिला मिळालं होतं. आणि त्याच तोंडानं तिच्या हातातला काटाही काढून घेतला जात होता. तिला सासऱ्याच्या पाया पडावंसं वाटलं आणि त्याच वेळी संतापही आला.

"मामाजी, मले घरचीबी व्हायचं हाये अन् मोजायचंबी हाये. एकासाठी दुसरं नाही सोडणार मी. अंजूले अजून मासे लागतेत."

हरिसिंगनं धोतर वर खोचलं आणि तो डोंग्यात जाऊन बसला. कितीतरी वर्षांनी बसत होता. "चला," तो म्हणाला. "काटा घे संगं."

बाभूळबनापाशी, जिथे खाली त्याचं स्वतःचं घर आणि त्याच्या बापाचं घर पाण्यात उभं होतं, तिथे त्यानं जाळं टाकायला लावलं. या वेळी भारत गात नव्हता. दोरी थरथरली. संजयनं ओढली. कटला होता, चंदेरी, पाणी झाडत. हरिसिंगनं तो स्वतःच्या हातानं सोडवला, काट्याला लावला. मासा धडपडत होता. हरिसिंगनं डोळे मिटले.

"एक," तो मोठ्यानं म्हणाला.

आवाज पाण्यावरून लांब गेला. पाणी होतं तसंच राहिलं. हरिसिंगनं डोळे उघडले, सुनेकडे पाहिलं आणि वाट बघत थांबला. जाळ्यात अजून मासे होते.

संगीतानं पुढचा सोडवला. ठिपका बसल्याचं पाहिलं. मग माहेरी, पवारांच्या तांड्यात, बापाच्या मांडीवर बसून आकडे शिकली होती त्याच बोलीत म्हणाली, "दी."

"तीन," भारत म्हणाला आणि वल्हं सोडून मासे धरायला पुढे सरकला.